पडद्यावरचा बाप्या

चित्रकलेच्या तासाला ‘एक पुरुष काढा’ असं सांगितलं की आठवी-नववीतली मुलं काय काढतात, हे मी ३१ वर्षं पाहिलं आहे. मुली बहुधा ओळखीचा कुणी तरी काढतात. आजोबा, दूधवाला, कोपऱ्यावरचा शिंपी. मुलगे मात्र वर्षानुवर्षं एकच माणूस काढत आले आहेत. त्याला मान नसते, खांदे कपाटाएवढे, कंबर मुंगीसारखी आणि दोन्ही मुठी आवळलेल्या. (मुठी आवळण्यामागे शौर्यापेक्षा बोटं काढता न येणं हे कारण अधिक, पण ते असो!) मी निवृत्त होऊन घरी बसले, तर हाच गृहस्थ आता नातवाच्या कॉम्प्युटरवर राहायला आलेला!

खेळाचं नाव ‘द सिम्स’. ज्यांच्या घरात शाळा-कॉलेजातली मुलं आहेत त्यांना तो ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगते. यात बंदूक नाही, शर्यत नाही, राक्षसही नाही. एक घर बांधायचं, त्यात माणसं वसवायची आणि त्यांना जगवायचं. त्यांना भूक लागते, झोप येते, आंघोळ करावीशी वाटते, एकटं बसून करमेनासं होतं. नोकरीवर पाठवलं नाही तर पैसे संपतात. थोडक्यात, आपली भातुकलीच, फक्त विजेवर चालणारी.

भातुकली हा शब्द मी उगाच वापरत नाही. हा खेळ रचणारे विल राइट हे अमेरिकेतले कॉम्प्युटर-खेळांचे नामवंत कारागीर. १९८९ मध्ये आलेला त्यांचा ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ चांगलाच गाजला होता. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा लागला आणि त्यात त्यांचं राहतं घर जळून गेलं. संसार नव्यानं उभा करताना माणसाला काय खरोखर लागतं आणि काय नुसतंच साठतं, याचा विचार सुरू झाला, आणि त्यातून या खेळाचं बीज रुजलं. कंपनीत त्याला ‘बाहुलीघर’ म्हणत, आणि ते नाव ऐकूनच मंडळी नाकं मुरडत. बाहुल्यांशी मुलगे कशाला खेळतील? अखेर फेब्रुवारी २००० मध्ये तो बाजारात आला आणि दोनच वर्षांत पीसीवरचा तोवरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला.

मुलग्यांना बाहुली विकायची तर तिला बाहुली म्हणायचं नाही, ही युक्ती मात्र त्याहून जुनी. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीनं ‘जी. आय. जो’ हा बाहुला-सैनिक काढला आणि त्याला नाव दिलं ‘ॲक्शन फिगर’. पुढच्या तीसेक वर्षांत या सैनिकाचं काय झालं, हे १९९९ मध्ये हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चक्क मोजून काढलं. दर नव्या आवृत्तीगणिक त्याचे दंड आणि छाती फुगत गेली होती. त्यातला सगळ्यात दांडगा बाहुला खऱ्या माणसाच्या उंचीचा केला, तर त्याचा दंड २६ इंचांहून जाड भरला असता. माझ्या वर्गातल्या मुलांना हा बाहुला परवडणारा नव्हता, पण त्याच्या चुलतभावंडांची चित्रं दप्तरावर होतीच.

‘सिम्स’मधला पुरुष त्या मानानं साधा. पहिल्या भागात त्याचा स्वभाव घडवण्याची मजेशीर रीत होती. टापटीप, माणसांत मिसळणं, चपळपणा, खेळकरपणा आणि चांगुलपणा या पाच खात्यांत मिळून २५ गुण वाटायचे, एका खात्यात जास्तीत जास्त १०. म्हणजे नवरा टापटिपीचाही हवा आणि दिलखुलासही हवा, तर दुसरीकडे कुठे तरी कात्री लावणं आलं. पत्रिकेतले ३६ गुण जुळवणाऱ्यांनी हे २५ गुणांचं कोष्टकही एकदा शेजारी ठेवून बघायला हरकत नाही! २०१४ मध्ये आलेल्या चौथ्या भागात आकडे गेले. तिथे मोठ्या माणसाला तीन स्वभावविशेष निवडायचे. तापट, आळशी, गबाळा, एकलकोंडा, कुटुंबवत्सल, खादाड… यादी मोठी आहे. तिनातच माणूस बसवायचा म्हटल्यावर आपण ज्याला वर्षानुवर्षं ओळखतो, त्याच्याविषयीही विचार करावा लागतो.

आणखी एक कारागिरी मला फार आवडली. यातली माणसं स्वतः फारशी हुशार नाहीत. हुशारी वस्तूंमध्ये भरून ठेवलेली आहे. फ्रिज जणू सारखा पुकारत असतो, ‘मी भूक भागवीन’. पलंग म्हणतो, ‘मी थकवा घालवीन’. ज्याची जी गरज मोठी, तो त्या वस्तूकडे ओढला जातो. बाई असो की बाप्या, नियम एकच. भूक लागलेला पुरुष आपण होऊन उठतो आणि फ्रिजकडे जातो! आमच्या पिढीतला मराठी पुरुष यात हुबेहूब उतरवायचा, तर त्याच्या भुकेची दोरी फ्रिजला न बांधता स्वयंपाकघरातल्या बाईला बांधावी लागेल.

नातू १४ वर्षांचा. त्यानं या खेळात सहा पुरुष तयार केले होते. एक आचारी, एक चित्रकार, एक गुप्तहेर, असे सहा. कपडे निरनिराळे, केस निरनिराळे. पण शर्ट उतरवला की सहाही जण एकाच साच्यातून काढलेले. स्नायूंची जी पट्टी असते ती प्रत्येकाची शेवटच्या टोकाला. चित्रकारसुद्धा असा, की ब्रश हातात घेतला तर मोडेल.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्याच महिन्यात नातवानं पोहायला जाणं सोडलं होतं. भर मे महिन्यात ढगळ, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून फिरत होता. संध्याकाळी दार लावून, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलून व्यायाम चाले. टाकीवर कुणी तरी त्याच्या छातीवरून काही बोललं होतं, इतकंच माझ्या मुलीला कळलं होतं. त्यापुढे तो तोंड उघडत नव्हता. आम्हा बायकांना मुलींच्या बाबतीत ही चिन्हं लगेच ओळखू येतात. मुलग्यांच्या बाबतीत ‘वाढीचं वय आहे’ म्हणून सोडून देतात.

मी त्याला उपदेश केला नाही. शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “अरे, तुझ्या आजोबांना कर ना यात. बघू जमतं का.”

जमता जमता तीन दुपारी गेल्या. पहिली अडचण उंचीची. चौथ्या भागात सगळी मोठी माणसं एकाच उंचीची, आणि १४-१५ वर्षांची मुलंही तेवढीच. आमचे हे पाच फूट चार इंच, त्यामुळे त्यांचा आपसूकच फायदा झाला. मग वजन. वजनाची पट्टी सरकवली की माणूस सगळीकडून सारखा फुगतो. पण पुरुष असा फुगत नाही हो! तरुणपणी काटकुळा असलेला माणूस पन्नाशीकडे पोटाशी सुटतो आणि हातपाय बापडे कॉलेजातलेच राहतात. नशिबानं पोट वेगळं धरून ओढता येतं. मी नातवाला सांगितलं, आधी हात बारीक कर, मगच पोट ओढ. त्यानं केलं आणि तो ओरडला, “आजी, हे आजोबाच!”

चेहऱ्याला मात्र यंत्र हार खातं. डावा गाल ओढला की उजवाही तेवढाच सरकतो. खरा चेहरा असा कधीच नसतो. यांची उजवीकडची एक दाढ कधीच गेली, त्यामुळे वर्षानुवर्षं डावीकडून चावून तो जबडा थोडा भरलेला आहे. ते काही साधलं नाही. रंगाचा प्रश्न पूर्वी मोठा होता म्हणतात; डिसेंबर २०२० मध्ये शंभराहून अधिक नव्या छटा आल्या, त्यात आमच्या घराण्याची छटा सापडली. अंगावरचे केस २०२२ मध्ये आले. त्याआधीचे पुरुष म्हणजे शाडूचे गणपती, गुळगुळीत! कपड्यांत मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेला एक संचही २०२१ मध्ये निघाला आहे. पण लेंगा आणि गंजीफ्रॉक काही आम्हाला मिळाला नाही. चालीच्या यादीत तोऱ्याची चाल आहे, मरगळलेली आहे, दांडगटाची आहे. हात पाठीमागे बांधून, मंडईत भाव न विचारता नुसतं बघत फिरण्याची चाल नाही.

आणि वय! यात तरुण आहे, मग प्रौढ आहे आणि मग थेट वृद्ध. तरुण आणि प्रौढ शेजारी उभे केले तर कोणता कोण ते कळणार नाही. मग एके दिवशी वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या विझल्या, की एकदम पांढरे केस! मधली २०-२५ वर्षं गाळलेलीच. कपाळ मागे सरकतं, खांदे उतरतात, चष्मा कपाळावर चढतो आणि शोधला जातो, ती वर्षं. आपल्या घराघरांतले बाप नेमके या गाळलेल्या जागेत राहतात. १४ वर्षांच्या मुलानं पुरुष म्हणून रोज बघावा असा तोच तर एक असतो!

स्वभाव निवडताना नातवानं आजोबांना ‘तापट’ दिला. मी हरकत घेतली नाही. दुसरा ‘टापटिपीचा’. तिसऱ्यावर अडला आणि थेट आतल्या खोलीत विचारायला गेला. पेपरातून डोकं वर न काढता उत्तर आलं, “खादाड लिही.” ते खोटं नव्हतं. नंतर पडद्यावरच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी स्वयंपाक करायला घेतला आणि शेगडी पेटवून घरभर आग लावली. शिकलेलं नसलं की या खेळात असंच होतं. हे ऐकून मात्र खरे आजोबा उठून बघायला आले. थोडा वेळ पाहून म्हणाले, “पोट जास्त झालंय.” नातू म्हणाला, “नाही आजोबा, मी मोजलंय.”

पुढच्या आठवड्यात त्यानं त्याचे बाबा केले. मला न विचारता. कॉम्प्युटरसमोर बसून पुढे आलेली मान साधत नव्हती, म्हणून तो चिडला होता. सहा पहिलवान अजून होतेच शेजारच्या घरात; त्यांना त्यानं घालवलं नाही, आणि का घालवावं? सहाही जण बाबांकडे जेवायला येत असत.

मग एका दुपारी मी आत गेले, तर नवाच मुलगा पडद्यावर. अंगानं भरलेला, छाती किंचित सुटलेली, कुरळे केस. स्नायूंची पट्टी मधोमध. कोण म्हणून मी विचारलं नाही. या वयाला दोन स्वभाव देता येतात. त्यानं ‘एकलकोंडा’ आणि ‘खेळकर’ असे दोन दिले होते. दोन्ही एकाच माणसात कसे, हे मला त्याच्याकडे बघून पटतं.

चौथा भाग आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते. खेळणाऱ्यांनी एवढी ओरड केली की दोन महिन्यांत ते आणावे लागले. नातवानं घरामागे एक लांबलचक तलाव खणला होता. मुलगा काठावर आला, कपडे बदलले आणि पाण्यात उतरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. बाबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. नातू हनुवटीला हात लावून बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, “आजी, याला आता बाहेर काढायला हवं. भूक लागलीय त्याला.”