दुसऱ्या शिक्षकाचा तास

संध्याकाळचे सात वाजून चार मिनिटं झाली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई पडद्यावर आठवीच्या मुलांना घनता समजावताहेत. त्यांच्यासमोर काचेच्या ग्लासात पाणी आहे, तळाशी लोखंडी खिळा आणि वर तरंगणारं बूच. बोलणं त्यांचं एकटीचं, पण तास दोघांचा. साताऱ्यात, घरच्या जेवणाच्या टेबलाशी गणिताचे सर बसलेत. कॅमेरा बंद, माइक बंद आणि हात मात्र सतत चालू. उशिरा आलेल्या मुलाला आत घ्यायचं. ज्याच्या घरातली मालिका सगळ्या वर्गाला ऐकू येतेय त्याचा आवाज बंद करायचा. 'बाई दिसत नाहीत' असं तिसऱ्यांदा लिहिणाऱ्या मुलीला 'बाहेर पडून पुन्हा ये' म्हणून कळवायचं. शेजारी एक शंभर पानी वही उघडी आहे. कोण आलं, कोण मधेच गेलं, कोण गेल्या तीन तासिकांत एकदाही बोललेलं नाही, ते सगळं तिच्यात उतरत जातं.

बाई एक उदाहरण घालतात. अॅल्युमिनियमचा तुकडा, वस्तुमान ५४ ग्रॅम, आकारमान २० घनसेंटिमीटर. घनता किती?

चॅटमध्ये उत्तरं पडू लागतात. २.७, २.७, २.१४, २.७, २.१४, पुन्हा २.१४. चुकीची उत्तरं दिसताच बाई मागे येतात आणि वस्तुमान भागिले आकारमान हे सूत्र पहिल्यापासून सांगू लागतात. शिकवणाऱ्याला चॅटकडे नीट बघता येत नाही. त्यांचं लक्ष ग्लासात आणि फळ्यावर असतं. सरांचं लक्ष मात्र चॅटवरच आहे. ते माइक उघडतात.

"बाई, दोन मिनिटं देता का? घनता कळलीय त्यांना. भागाकारात अडकलीत."

५४ ला २० ने भागलं की भाग जातो २ आणि बाकी उरते १४. मुलांनी ती बाकी उचलून दशांशचिन्हापुढे ठेवली होती. सर वहीचं पान कॅमेऱ्यापुढे धरतात. दोन्ही संख्यांना ५ ने गुणा, २७० भागिले १००, आता सांगा. क्षणभर शांतता, मग एकापाठोपाठ एक २.७. सर माइक बंद करतात, बाई पुढे सरकतात. एकट्या बाई असत्या तर तो तास सूत्र घोकण्यात गेला असता, आणि चुकीचा भागाकार मुलांबरोबर परीक्षेच्या खोलीपर्यंत गेला असता.

परीक्षा आहे एनएमएमएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीची. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये. पेपर दोन, दोन्हींना दीड-दीड तास. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीतही ९०. शालेय क्षमतेच्या पेपरात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २०. विज्ञानातही भौतिकशास्त्राचे ११, रसायनशास्त्राचे ११ आणि जीवशास्त्राचे १३ अशी वाटणी. एवढा पसारा एका शिक्षकाने पेलायचा म्हटलं तर कुठलातरी विषय उघडा पडतोच. म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या चार शाळांचे चौघे शिक्षक एकत्र आले. विज्ञान, गणित, समाजशास्त्र आणि बुद्धिमत्ता. आठवड्याला तीन संध्याकाळ, चाळीसेक मुलं, गूगल क्लासरूमवर एकच वर्ग. शाळेच्या वेळेपलीकडचं हे काम. त्याचं मानधन कुणी देत नाही.

तास बरोबर एका तासाचा असतो, त्यालाही कारण आहे. मोफत खात्यावर गूगल मीटची सामूहिक बैठक तासाभराने तुटते. त्यामुळे आठला पाच कमी असताना शिकवणं थांबतं आणि गृहपाठ सांगितला जातो.

अशा वर्गाची सवय लागली ती टाळेबंदीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागू लागली, ऑगस्टमध्ये राज्य सरकारने गूगल क्लासरूम शाळांपर्यंत नेण्याची घोषणा केली. पण डोंगरातल्या आणि दुष्काळी पट्ट्यातल्या मुलांचा प्रश्न मुळात रेंजचा आणि फोनचा होता. माण तालुक्यातल्या विजयनगर इथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी तेव्हा साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवर मुलांना शिकवलं. स्मार्टफोन नसलेल्या घरातही बटणांचा फोन होता, त्याचा त्यांनी वर्ग केला.

तोच धडा या चौघांनी उचलला. पाटणच्या खोऱ्यातल्या दोन-तीन मुलांकडे चित्र पोचतच नाही. मग सर आपल्या दुसऱ्या फोनवरून त्यांना एकत्र कॉल लावतात आणि तो फोन लॅपटॉपच्या स्पीकरपाशी ठेवतात. फळ्यावरची आकृती त्या मुलांना दिसत नाही. ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गशिक्षकांकडून कागदावर मिळते. पण बाईंचा आवाज पोचतो आणि प्रश्नही विचारता येतो. हे काम शिकवणाऱ्या माणसाला शिकवता शिकवता जमण्यासारखं नाही. त्यासाठी दुसरा माणूसच लागतो.

गूगल क्लासरूममध्ये एका वर्गाला वीसपर्यंत शिक्षक जोडता येतात. सहशिक्षकाला जवळपास सगळे हक्क असतात: धडा टाकणं, चाचणी लावणं, गुण देणं, मुलांना वर्गात घेणं. वर्ग कायमचा पुसून टाकण्याचा हक्क मात्र फक्त मालकाकडे, म्हणजे ज्याच्या खात्यावर वर्ग उघडला त्याच्याकडे. मालकाला वर्गातून काढताही येत नाही. कागदावर हे किरकोळ वाटतं. यांच्यातल्या एकाने पूर्वी एका शाळेत असताना त्याची किंमत मोजली आहे. तिथे वर्गाची मालकी शाळेने दिलेल्या खात्यावर होती. त्या शिक्षकाची बदली झाली, खातं बंद झालं आणि दोन वर्षांत जमवलेल्या प्रश्नपत्रिका त्याबरोबर गेल्या. आता या गटात नियम आहे की जाणाऱ्याने आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची आणि मगच निरोपाचा नारळ घ्यायचा.

पहिला महिना गोंधळाचाच गेला. एका आठवड्यात मुलांना चार चाचण्या आल्या, कारण प्रत्येकाला वाटलं की आपलीच तेवढी आहे. एकदा दोघांनी एकाच गठ्ठ्याचे गुण भरले. रात्री अकराला पडलेल्या गृहपाठावर एका आईने सकाळी फोन केला, पोरगी झोपायची कधी? शेकडेवारीवरून तर मुलं पुरती गोंधळली. किंमत २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली, तर शेवटी काय झालं? गणिताचे सर १०० चे १२० आणि १२० चे ९६ असं पायरी-पायरीने नेत. बुद्धिमत्तेचे सर थेट सूत्र सांगत, वर्ग करा, शंभरने भागा, चार टक्के घट. दोन्ही बरोबर. पण आठवीच्या मुलाला दोन गुरुजींकडून दोन वाटा कळल्या की तो तिसरीच धरतो. अखेर ठरलं की आधी पायऱ्या, दिवाळीनंतर सूत्र; आणि दुसऱ्याची रीत मुलांपुढे खोडायची नाही. हा निर्णय व्हायला त्यांना तीन आठवडे लागले. एवढा वेळ लागणं गैर नाही. वर्षानुवर्षं दार लावून एकट्याने शिकवलेल्या माणसाला आपल्या तासात दुसऱ्याचे कान चालवून घेणं सोपं नसतं.

वाट काढली ती समाजशास्त्राच्या सरांनी. त्यांची नोकरी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत सुरू झाली होती. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात आणि जतच्या वाड्यावस्त्यांवर अशा शाळा पुष्कळ आहेत. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एक गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की चारही वर्ग दुसऱ्यावर. तिथे कोण कुठे थांबलं हे जोडीदाराला माहीत नसेल तर पुढचा दिवस वाया. त्यामुळे टाचणवहीत शेवटची ओळ ठरलेली असायची, आज कुठे थांबलो.

तीच ओळ आता गूगल शीटमध्ये आहे. प्रत्येक तासानंतर पाच रकाने भरायचे: काय शिकवलं, कुठे थांबलो, कोण अडखळलं, गृहपाठ काय आणि तो तपासणार कोण. शेवटच्या रकान्यात एकच नाव लिहायचं. 'आपण बघू' असं लिहायला मनाई आहे. आणखी एका शीटमध्ये मुलांची खरी नावं आहेत, कारण फोन वडिलांचा असतो. हजेरीपटावर मुलगी आणि पडद्यावर मात्र वडिलांच्या दुकानाचं नाव. कोणता गठ्ठा कुणाचा, हे त्या शीटशिवाय कळत नाही.

भाषेचाही एक पेच आहे. काही मुलं मराठी माध्यमाची, काही सेमी-इंग्रजीची. बाई 'संप्लवन' म्हणाल्या की निम्मा वर्ग मान डोलावतो आणि निम्मा गप्प. सहशिक्षकाने लगेच चॅटमध्ये 'सब्लिमेशन' टाकायचं. 'त्वरण' आलं की 'अॅक्सिलरेशन'. जतच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत, आणि ही परीक्षा कन्नडमधूनही देता येते. तिकडच्या दोन मुलांसाठी या चौघांकडे अजून कुणी नाही. कन्नड जाणणाऱ्या पाचव्या शिक्षकाची जागा रिकामी आहे आणि ती उणीव मोठी आहे.

वेळ ठरवणंही सोपं गेलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. त्या वेळात मुलांनी पुस्तकं उघडावीत. आजूबाजूच्या गावांनीही तो पायंडा उचलला. अशा गावातलं मूल सातच्या ऑनलाइन तासाला बसणार कसं? कुणी म्हणालं, अभ्यासासाठी सूट मागू. बाईंनी नकार दिला. गावाने आपल्या पोरांसाठी दीड तास मिळवला आहे, तो शिक्षकांनीच मोडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. ते योग्यच होतं. अशा मुलांसाठी तासाचं ध्वनिमुद्रण सकाळी शाळेत ऐकवलं जातं आणि गृहपाठ सगळ्यांनाच कागदावर जातो. सोडवायचा वहीत, फोन लागतो तो फक्त पानाचा फोटो पाठवण्यापुरता.

सहशिक्षक कशासाठी, हे बाईंना कळलं ते मात्र पुरात. जुलै २०२१ मध्ये राज्यभर पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास चालू होता. २२ जुलैच्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या आणि पाठोपाठ सांगलीत कृष्णा चढू लागली. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी पन्नासच्या वर गेलं. बाईंचं घर नदीकाठच्या भागात. वीज गेली, फोन बंद पडला, चार दिवस त्या नातेवाइकांकडे होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी भीतभीतच वर्ग उघडला, तेव्हा चाचणी झाली होती आणि वह्यांचे फोटो तपासून झाले होते. पुरातून आलेल्या सात मुलांच्या नावापुढे 'सवलत द्या, पुस्तकं भिजलीत' अशी नोंद होती. शाळेतल्या सहकाऱ्याने न सांगता सगळं उचललं होतं, कारण कुठे थांबलो हे दोघांनाही माहीत होतं.

आठला पाच कमी. बाई गृहपाठ सांगतात, मुलं 'थँक्यू बाई' म्हणत एकेक करून जातात. पडद्यावर दोघंच उरतात.

"सर, पंधरावा प्रश्न तुमच्याही चाचणीत आहे का हो?"

"आहे की. थांबा, मीच काढतो."

बैठक तुटते. बाईंचा दिवस संपतो, सरांचा नाही. आज न आलेल्या सहा मुलांच्या घरी फोन करायचे आहेत. एकाचे वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आहेत, फोन त्यांच्याबरोबरच असतो आणि ते नऊनंतर घरी येतात. त्यामुळे तो फोन सगळ्यात शेवटी. एका मुलीची आई सांगते की नेटपॅक संपलाय, परवा भरू. सर वहीत लिहितात, परवा.

शाळेच्या दप्तरात या संध्याकाळची नोंद होईल ती अशी: विषय विज्ञान, घटक घनता, आणि पुढे बाईंचं नाव. सरांनी भागाकार दाखवला, कॉल जोडले, सहा घरी फोन केले, त्याला रकानाच नाही. सातारा-सांगलीच्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना विनंती आहे की ऑनलाइन तासांचं वेळापत्रक आखताना शिक्षकाच्या नावाशेजारी एक रकाना वाढवा, त्यात सहशिक्षकाचं नाव लिहा, आणि तपासणीचे व फोनचे तास त्याच्या कार्यभारात धरा.