खुर्च्या भिंतीपासून हलवल्या तेव्हा

बाबा गेल्यानंतर चार-पाच महिन्यांनी मी आईला समुपदेशकाकडे घेऊन गेले होते. आत जायच्या आधीच ती निम्मी खचली. बाहेरच्या खोलीत समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. भिंतीवर टीव्ही, त्यावर बातम्यांचा आरडाओरडा. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाचं नाव आडनावासकट मोठ्यांदा पुकारत होती. आईने पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि पाऊण तास ती दाराजवळच्या चपलांच्या ढिगाकडे बघत राहिली. आतल्या बाई फार चांगल्या होत्या, आई त्यांच्याशी बोललीही. पण दुसऱ्यांदा ती आली नाही. "तिथे सगळे बघतात गं," एवढंच म्हणाली.

त्या खोलीत कुणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. फक्त खुर्च्या मांडताना तिथे बसणाऱ्या माणसाचा विचार झाला नव्हता. तेव्हापासून अशा जागांविषयी मिळेल ते वाचत आले. त्यातली कॅनडातली एक हकिकत काही केल्या डोक्यातून जात नाही.

सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न नावाच्या गावी एक अवाढव्य मनोरुग्णालय होतं. 1950 च्या दशकात तिथे हम्फ्री ऑस्मंड हे मनोविकारतज्ज्ञ होते. नवी रुग्णालयं कशी बांधावीत हा प्रश्न सरकारपुढे आला, तेव्हा कियोशी इझुमी हा वास्तुरचनाकार त्यांच्याबरोबर काम करू लागला. ज्याला भिंती हलताना दिसतात, आवाज ऐकू येतात, त्याला ही इमारत कशी दिसत असेल? हे कळावं म्हणून इझुमीने स्वतः एलएसडी घेतलं आणि तो त्या वॉर्डांतून फिरला. एलएसडी तेव्हा बेकायदा नव्हतं, डॉक्टर त्यावर संशोधन करत होते. आज असं कुणी करू नये, करता येणारही नाही. पण त्याला जे दिसलं ते नकाशावर कधीच दिसलं नसतं. लांबलचक कॉरिडॉर संपेचना. चकचकीत फरशांवरची प्रतिबिंबं अंगावर येऊ लागली. दार नसलेली कपाटं म्हणजे काळी भोकं वाटली. पलंग इतके उंच की बसलं तर पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि ज्याचा स्वतःवरचाच विश्वास डळमळलेला आहे, त्याला पायाखाली जमीन लागणं फार महत्त्वाचं असतं. पुढे यॉर्कटन इथल्या मनोरुग्णालयाच्या आराखड्यात इझुमीने लांब कॉरिडॉर टाळले, लहान लहान घरांसारखी रचना केली.

त्याच वेबर्नमध्ये रॉबर्ट सॉमर हा तरुण मानसशास्त्रज्ञ म्हाताऱ्या स्त्रियांच्या वॉर्डाकडे बघत होता. वॉर्ड नुकताच नवा केलेला. ताजा रंग, नव्या खुर्च्या, स्वच्छ उजेड. कर्मचाऱ्यांना त्याचा अभिमान होता, पण बायका दिवसभर गप्प बसलेल्या असत. सॉमरच्या लक्षात आलं की सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकवून ओळीने ठेवल्यात. शेजारणीशी बोलायचं तर मान पूर्ण वळवावी लागे, आणि म्हाताऱ्या मानेला ते जमत नाही. खुर्च्या तशा का? झाडलोट करायला सोपं, ढकलगाडी न्यायला सोपं, नर्सला एका नजरेत सगळ्या दिसतात म्हणून. बसणारीसाठी कुणी ती मांडणी केलेलीच नव्हती.

सॉमरने मध्ये लहान चौकोनी टेबलं आणली आणि त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. बायकांना हे आवडलं नाही. खुर्च्या पुन्हा भिंतीकडे जाऊ लागल्या. त्या दिवशी त्यांच्या हातात कागद देऊन 'तुम्हाला काय हवं' विचारलं असतं, तर 'होतं तसंच बरं होतं' असंच उत्तर आलं असतं. सॉमर आणि सहकाऱ्यांनी धीर धरला. काही आठवड्यांनी मोजलं, तर वॉर्डातलं आपापसांतलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं होतं. गरज नेहमी तोंडाने सांगता येत नाही. वर्षानुवर्षं भिंतीला टेकून बसलेल्याला दुसरं काही मागता येतं हेच ठाऊक नसतं. त्यासाठी कुणीतरी तिथे बसून बघावं लागतं.

फिनलंडचा वास्तुरचनाकार अल्वार आल्टो याने हे आधीच केलं होतं. 1933 मध्ये पूर्ण झालेलं पाइमिओचं आरोग्यधाम क्षयरोग्यांसाठी होतं, आणि क्षयरोगी दिवसचे दिवस पडून असतो. म्हणून आल्टोने खोली पडलेल्या माणसाच्या नजरेने आखली. छताला शांत, गडद रंग दिला, दिवे डोळ्यांत येणार नाहीत असे लावले. वॉशबेसिनचा उतार असा ठेवला की पाण्याचा आवाज होऊन शेजारच्या पलंगावरचा जागा होऊ नये.

मॅगी केझिक जेंक्स या बाईची गोष्ट तर आईच्या फार जवळची. कर्करोग पुन्हा उलटलाय आणि आता काही महिनेच उरलेत, हे तिला 1993 मध्ये रुग्णालयात सांगण्यात आलं. मग लगेच बाहेर, खिडकी नसलेल्या कॉरिडॉरमध्ये बसायला सांगितलं, कारण पुढचा रुग्ण थांबला होता. उरलेले दिवस तिने एका वेगळ्या जागेचा आराखडा करण्यात घालवले. 1995 मध्ये ती गेली, आणि 1996 मध्ये एडिंबरोच्या एका रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात पहिलं मॅगीज सेंटर उघडलं. अशी वीसहून अधिक केंद्रं आता आहेत. मधोमध स्वयंपाकघराचं मोठं टेबल, चहाची किटली. दारात काउंटर नाही. स्वच्छतागृहसुद्धा असं असावं की आत जाऊन कुणाला ऐकू न जाता रडता यावं, इथपर्यंत विचार. आपल्याकडे डॉक्टरांच्या पदव्यांची पाटी मोठी होत जाते, पण रडायला कोपरा कुठे असतो?

आता सायकलीच्या वाटांचं बोलते, कारण या खोल्यांत आणि त्या वाटांत मला एकच चूक दिसते: वापरणाऱ्याचा विचारच झालेला नसतो.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे वॉचमन काका धायरीहून सायकलने येतात, रात्रपाळीला. माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपने तोच रस्ता शोधला, तर त्याने मला सरळ मोठ्या रस्त्याने, उड्डाणपुलावरून नेलं. काकांना दाखवलं. ते हसले. "ताई, मी आधी उजेड कुठं आहे ते बघतो. मग कुत्री. मग पंक्चरवाला."

अ‍ॅपचं चुकलं असं नाही, त्याला प्रश्नच वेगळा विचारला होता. वाट शोधणारं कुठलंही अ‍ॅप रस्त्यांचे लहान लहान तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याला 'खर्च' लावतं आणि कमीत कमी खर्चाची वाट दाखवतं. खर्च म्हणजे फक्त मिनिटं धरली, तर उड्डाणपूल जिंकतो. वाहनांचा वेग, चढ, खराब पृष्ठभाग, मोठ्या चौकातलं उजवं वळण यांनाही खर्च लावला, तर त्याच नकाशातून वेगळी वाट निघते. ब्रिटनमधलं सायकलस्ट्रीट्स हे 2009 मध्ये संकेतस्थळ म्हणून सुरू झालेलं अ‍ॅप एकाच प्रवासाला तीन वाटा देतं: सर्वांत जलद, सर्वांत शांत आणि दोन्हींच्या मधली. ते करणारे स्वतः सायकलवाल्यांच्या चळवळीतले होते.

अमेरिकेत पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी 2006 मध्ये नागरिकांचा एक ढोबळ अंदाज मांडला. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त सायकल हाणणारे एक टक्काही नाहीत, सात टक्के बऱ्यापैकी सराईत, तीसेक टक्के काही झालं तरी चालवणार नाहीत, आणि तब्बल साठ टक्क्यांना चालवायची इच्छा आहे, पण भीती वाटते. बहुतेक अ‍ॅपं मात्र त्या मूठभर निर्धास्तांच्या हिशोबाने बनतात, कारण बनवणारे बहुधा त्यांच्यातलेच असतात.

त्यात आणखी एक गुंता आहे. स्ट्राव्हा हे अ‍ॅप व्यायाम म्हणून सायकल चालवणारे वापरतात. त्यांच्या फेऱ्यांची एकत्रित माहिती 2014 पासून 'स्ट्राव्हा मेट्रो' या नावाने नगररचनाकारांना मिळू लागली. तिचा उपयोग आहेच. पण त्या नकाशावर पहाटे सिंहगडाच्या दिशेने जाणारे उजळ दिसतील आणि काका दिसणारच नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती. त्यातल्या किती जणांची वाट कुठल्या सर्व्हरवर नोंदलेली असेल? पुण्यात 2017-18 मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, त्याही मोबाइलने कुलूप उघडायच्या. थोड्याच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. वॉचमन, पेपरवाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका त्यांच्यावर बसलेल्या मला कधी दिसल्या नाहीत, आणि सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात रोज सायकलीवर असतात ते हेच लोक.

ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो. रस्त्यावर दिवे आहेत की नाहीत हेसुद्धा त्यात नोंदवता येतं. गेल्या महिन्यात काकांच्या सुट्टीच्या रात्री आम्ही दोघं त्यांच्या वाटेने निघालो. ते पुढे, मी मागे, थांबत थांबत नोंदी करत. कालव्याच्या कडेला दिवे बंद होते, ते टिपलं. पंक्चरवाला अकराला बंद करतो, तेही. मोठ्या चौकाच्या अलीकडे काका उतरले आणि सायकल हाताने ढकलत झेब्रा क्रॉसिंगकडे निघाले. "इथं रोज उतरतो," म्हणाले.

ते नोंदवायला नकाशात जागा सापडेना. मीही उतरले आणि त्यांच्या मागून सायकल ढकलत निघाले.