दिवा बॅटरीचा, दुखणं पट्ट्याचं

"बॅटरी गेली, दुसरी टाका."

कराडच्या कोल्हापूर नाक्यापासून कडेगावमार्गे विट्यापर्यंत कुठेही थांबा आणि डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागलाय एवढं म्हणा. चहाच्या टपरीवरचा माणूस गाडीकडे न बघता हेच निदान सांगेल. बोनेट उघडायची कोणाला गरज वाटत नाही. चित्र बॅटरीचं, म्हणजे रोग बॅटरीचा, इतकं ते सोपं असतं. मग चार-पाच हजार मोजून नवी बॅटरी बसते, गाडी पहिल्याच सेल्फला उठते, आणि सांगणारा "म्हटलं नव्हतं?" असं बघतो. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा धक्क्यावर. आता दोष बॅटरीच्या कंपनीला, "हल्ली मालच असला येतो." वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात भांडण होतं ते वेगळंच. या सगळ्यात अल्टरनेटरचा पट्टा, ज्याला आपल्याकडे अजून डायनामोचा पट्टा किंवा फॅन बेल्ट म्हणतात, तो ढिला किंवा तुटलेला तसाच आत असतो.

तो दिवा बॅटरीत किती जीव उरलाय हे दाखवतच नाही. जुन्या गाड्यांतली जोडणी बघितली की हे चटकन कळतं. बल्बच्या एका टोकाला किल्लीकडून बॅटरीचा प्रवाह येतो, दुसरं टोक अल्टरनेटरला जातं. किल्ली फिरवली पण इंजिन बंद, तर एका बाजूला बारा व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, म्हणून बल्ब पेटतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज तयार करू लागला की दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून बल्ब विझतो. नव्या गाड्यांत हे काम रेग्युलेटर आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, बघतात, पण अर्थ बदललेला नाही. इंजिन चालू असताना हा दिवा लागला तर चार्जिंग होत नाही, एवढंच तो सांगतो. बॅटरी कालच आणलेली असली तरी तो लागेल.

माझ्यावर विश्वास नको. गाडीच्या कप्प्यात जे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं पडलेलं असतं, ते एकदा बाहेर काढा. मारुतीच्या पुस्तकात या दिव्याचा अर्थ चार्जिंग यंत्रणेत बिघाड असा दिलेला आहे. ह्युंदाईचं पुस्तक आणखी स्पष्ट आहे: गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा आणि अल्टरनेटरचा पट्टा सैल झालाय की तुटलाय ते बघा, पट्टा ठीक असेल तर दोष चार्जिंगमध्ये इतरत्र शोधा. नवी बॅटरी टाका असं त्यात कुठेही नाही. ज्यांनी गाडी बनवली ते पहिलं बोट पट्ट्याकडे दाखवतात आणि आपण टपरीवरच्या माणसाचं ऐकतो.

मग हा समज इतका टिकून का आहे? कारण नवी बॅटरी खरंच काही वेळ गाडी चालवते. हिशोब करून बघा. लहान पेट्रोल गाडीत साधारण 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. इंजेक्शन, पेट्रोलचा पंप, ईसीयू, इग्निशन मिळून दहा-पंधरा अँपिअर घेतात. रात्री हेडलाइटचे 55 वॉटचे दोन बल्ब लावले की आणखी नऊ, शिवाय मध्येमध्ये रेडिएटरचा पंखा. म्हणजे रात्री वीस-पंचवीस अँपिअरचा खर्च आणि जमा शून्य. भरलेली बॅटरी अशा खर्चाला तासभर पुरते. दिवसा एसी, दिवे बंद ठेवले तर दोन तासही जातील. कराड ते कडेगाव तीसेक किलोमीटर. तेवढं अंतर ही उधारीची वीज सहज काढते, गाडी घराच्या दारात उभी राहते आणि "बॅटरी बदलल्यावर नीट चालली" हा पुरावा तयार होतो. कराडहून विट्याला जाणाऱ्यालाही बहुधा काही जाणवत नाही. सांगली गाठून रात्री परत येणारा मात्र वाटेत अडकतो. त्याला हेडलाइट आधी ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाइतके मंद झालेले दिसतात, मग इंजिन अडखळतं, मग सगळं शांत.

यात नव्या बॅटरीचंही नुकसान होतं. गाडीची शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी करण्यासाठी बनवलेली नाही. दोन-चार वेळा तळाला गेली आणि तशीच पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची कमजोर होते. निरोगी बॅटरी अशी मारली जाते, आणि मग ती "खराबच होती" हेही सिद्ध होतं.

दिव्यासोबत आणखी काय होतंय, हे बघणं महत्त्वाचं आहे. पट्टा पूर्ण तुटला तर बहुतेक वेळा आधी बोनेटखाली फटका मारल्यासारखा आवाज येतो आणि लगेच लाल दिवा लागतो. पुढचं गाडीवर अवलंबून आहे. बऱ्याच इंजिनांत, मारुतीच्या के-सिरीजमध्येही, हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. मग काही मिनिटांत तापमान चढतं. हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाडीत पंप याच पट्ट्यावर असेल तर स्टीअरिंग एकदम जड होतं. इलेक्ट्रिक स्टीअरिंग बॅटरी उतरल्यावर जड होतं. बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा इशारा एकत्र आले तर "कडेपूरपर्यंत तरी जाऊ" म्हणायचं नाही. तिथेच गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगावं लागू नये, पण दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात भाजतो. दुरुस्तीत हजारांचा फरक इथेच पडतो. पट्टा काही शेकड्यांत येतो, तापून वाकलेल्या हेडचा खर्च त्याच्या कित्येक पट.

घसरणारा पट्टा जास्त फसवतो, कारण तो दिवा लावेलच असं नाही. अल्टरनेटर थोडीफार वीज करतच असतो, त्यामुळे दिवा विझलेला राहतो किंवा रात्रीच दिसेल इतका मंद पेटतो. खूण आवाजाची असते. पहाटे दव पडलेलं असताना गाडी सुरू केली की चीं-चीं, दोन मिनिटांनी बंद. आयडलिंगवर दिवे, एसी, ब्लोअर सगळं लावलं की पुन्हा तोच आवाज. गळीत हंगामात वांगीच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांमागे संध्याकाळी अर्धा तास अडकलात की याची परीक्षा आपोआप होते. इंजिन सातआठशे फेऱ्यांवर, भार सगळा चालू, आणि अल्टरनेटरला ओढायला पट्ट्याची पकड नाही. भरपूर भारावर लहान गाडीचा अल्टरनेटरही एक किलोवॅटच्या आसपास वीज देतो. ती सगळी ताकद या बोटाएवढ्या रुंद रबराने पोचवायची असते.

तपासणी घरच्या घरी होते. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे; 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू करून मोजलं की 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आता हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावा, रेस थोडी वाढवा. आकडा 13 च्या खाली घसरला आणि सोबत किंचाळी आली, तर पट्ट्यावर संशय घ्या. आकडा घसरला पण पट्टा मुका आणि घट्ट असेल, तर कार्बन ब्रश, रेग्युलेटर, डायोड किंवा वायरचं कनेक्शन बघायला लागेल. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवण्यासाठी मुद्दाम व्होल्टेज खालीवर करतात, म्हणून एकदा 12.8 दिसलं म्हणून घाबरू नका. भार टाकल्यावर काय होतं ते बघा.

मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि हात आत. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून बघा. पट्टा जागचा न हलता पुली आतल्या आत सरकली तर पट्टा ढिला आहे. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा. हाताने ताण देण्याच्या गाड्यांत तो साधारण सेंटिमीटरभर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पट्ट्याची आतली बाजू वळवून टॉर्चखाली बघा. काचेसारखी चकाकी म्हणजे तो घसरून भाजलाय. पुलीभोवती काळी भुकटी साठलेली दिसली तर तीही तीच गोष्ट सांगते. कूलंट किंवा ऑइल गळून पट्टा ओला झाला असेल तर आधी गळती थांबवा, नाहीतर नवा पट्टाही तसाच जाईल.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: "साबण लावा, आवाज जातो." कोणी मेणबत्ती सांगतो, कोणी राळ. याचं मूळ मला पिठाच्या गिरणीत दिसतं. किर्लोस्करवाडी आपल्या शेजारी, ऑइल इंजिनावर चालणाऱ्या गिरण्या आणि पंप या भागाने पिढ्यानपिढ्या पाहिलेत, आणि तिथल्या कातडी किंवा कॅनव्हासच्या चपट्या पट्ट्याला राळ लावली की तो खरंच पकडायचा. त्या पट्ट्याला ते योग्य होतं. गाडीतला आजचा पट्टा रबराचा असून त्याच्या उभ्या रेघा पुलीच्या खाचांत रुततात. त्यावर साबण लावला की आवाज थोडा वेळ दबतो आणि घसरण वाढते, राळेत धूळ चिकटून खाचा भरतात. आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही.

आवाजाची जात ओळखायची असेल तर फवाऱ्याच्या बाटलीतून चालत्या पट्ट्याच्या रेघांवर थोडं साधं पाणी मारा, पण लांबून, ओढणी, शर्टाची बाही, मोकळे केस दूर ठेवून. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत.

आता ज्याचा मला सर्वांत जास्त राग येतो तो प्रकार. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची आणि "गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला" असं जाहीर करायचं. जुन्या अँबॅसिडरच्या काळात हे खपून गेलं. अल्टरनेटर भारावर असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं. वाहनांच्या विजेसाठीचं आयएसओ 16750-2 हे मानक 12 व्होल्टच्या गाडीसाठी, संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरच्या बाबतीत, अशी उसळी 79 ते 101 व्होल्टची धरून चाचणी घ्यायला सांगतं. तुमच्या गाडीतला ईसीयू, एअरबॅगचं मॉड्यूल, म्युझिक सिस्टीम या फटक्यापुढे उभी आहेत. मिस्त्री कितीही अनुभवी असो, त्याला नम्रपणे मीटर लावायला सांगा.

बाकीचे समज थोडक्यात.

"पट्ट्याला भेगा नाहीत, म्हणजे चांगला आहे." जुने निओप्रिन पट्टे भेगा दाखवायचे, आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे टायरसारखे झिजतात, भेगा न दाखवता घसरतात. गेट्स या पट्टे बनवणाऱ्या कंपनीने ही झीज मोजायला वेगळं गेज काढलंय ते उगाच नाही.

"जितका घट्ट तितका चांगला." जास्त ताणला तर अल्टरनेटरची आणि पाण्याच्या पंपाची बेअरिंगं खातो.

"पट्टा बदलला तरी आवाज येतो, म्हणजे पट्टा डुप्लिकेट." असू शकतो, पण पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग मेलेली असणं किंवा आयडलर पुलीची बेअरिंग वाजणं ही जास्त नेहमीची कारणं आहेत.

"हाच टायमिंग बेल्ट." नाही. तो झाकणाआड असतो आणि वेगळं काम करतो. बऱ्याच इंजिनांत त्याच्या जागी चेन असते.

"ढकलून चालू झाली की लांबचा रस्ता पळवा, आपोआप चार्ज होते." पट्टा घसरत असेल तर होत नाही, आणि पूर्ण रिकामी बॅटरी भरण्याचा भार अल्टरनेटर आणि पट्ट्यावर टाकण्यापेक्षा ती चार्जरवर लावलेली बरी.

एक काम आज करून ठेवा. पट्ट्याच्या पाठीवर 4पीके किंवा 6पीके असं काहीतरी आणि पुढे तीन-चार आकडी संख्या छापलेली असते: पहिला आकडा रेघांचा, शेवटचा मिलिमीटरमध्ये लांबीचा. झिजून पुसला जाण्याआधी त्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. रात्री विट्यात किंवा कराडमध्ये एखादं स्पेअर पार्टचं दुकान उघडं सापडेलही, पण तो नंबर सांगता आला नाही तर दुकानदार पट्टा देणार कुठून?