चाल जुनी, ओळ कालची

बाजारकुणंग हे गाव कर्नाटकातल्या ज्या जोयडा तालुक्यात आहे, त्याची हद्द थेट गोव्याला भिडते. घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे कुणबी वस्ती. आणि गणपतीची चवथ आली की फुगडी आलीच. बायका फेर धरतात, गाणं संथ सुरू होतं, पावलं वेग घेतात आणि शेवटी शब्द गळून नुसता ‘फू... फू’ उरतो. मधे कुणाला ओळ आठवली नाही तर ती आपली एक घालते. त्यात सासूच्या जोडीला मोबाईलही येऊन बसतो.

मग हे गाणं पारंपरिक राहिलं का?

१९५४ साली आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेनं ब्राझीलमध्ये साओ पावलोला यावर खल केला. लोकसंगीत म्हणजे तोंडातोंडी घडत आलेलं संगीत, आणि त्याच्या खुणा तीन: सातत्य, बदल, निवड. इंग्लंडात लोकगीतं जमवणाऱ्या सेसिल शार्पनं हेच १९०७ मध्ये लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणजे त्यात वयाची अट नाही. कवी ठाऊक असला तरी चालतो; फक्त लोकांनी ते गाणं तोंडात घोळवून आपलं केलेलं असावं. नाथांची भारुडं गावोगाव याच वाटेनं गेली.

जात्यावरची ओवी घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत राम-सीता आहेत, भाऊ-भाची आहेत, आणि माजलगावकडच्या बायकांनी गायलेले बाबासाहेबही आहेत. विषय विसाव्या शतकातला, पण घाट आजीचा. या ओव्यांना ‘नवीन’ म्हणून बाजूला काढणं हा शुद्ध शहरी हट्ट.

उलट अडचण बहिणाबाई चौधरींची. अक्षरओळख नाही, बोली खानदेशी, रचना कामाच्या ओघातली. सगळी लक्षणं लोकगीताची. पण १९५२ मध्ये पुस्तक आलं, नाव जोडलं गेलं, शब्द पक्के झाले. आता कुणी ओळ फिरवली तर ऐकणारा चूक काढतो.

गिरणी आली तसं जातं अडगळीत गेलं. लग्नात हळद दळायला ते पुन्हा बाहेर निघतं. खुंट्याला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात. दोन ओव्या होतात, आणि तिसरीसाठी सगळ्या आजीकडे बघतात.