परदेशी प्रवेशाची फाईल आणि पेडण्या-डिचोलीचे कागद

गोव्यातल्या पेडणे किंवा डिचोली तालुक्यातला विद्यार्थी परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा त्याची परीक्षा पहिल्याच रकान्यात सुरू होते. त्या रकान्यात नाव लिहायचे असते. पासपोर्टवर ‘नाईक’ चार इंग्रजी अक्षरांत मावतो. आजोबांच्या जन्मनोंदीत मात्र तोच नाईक पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून आलेला असतो. शेट असेल तर स्पेलिंगची सुरुवातच एक्सने. परब कुठे तरी ‘पोरोब’ होऊन बसलेला असतो. गावांचेही तेच. केरी एका दाखल्यावर ‘के’ने तर दुसऱ्यावर ‘क्यू’ने लिहितात, आणि हरमलच्या मुलाच्या एका कागदावर हरमल असते, दुसऱ्यावर अरंबोल.

हा घोळ कोणा एका कारकुनाने घातलेला नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. आजोबांची नोंद पोर्तुगीज वहीत, वडिलांची गोवा मुक्तीनंतरच्या शाळेच्या रजिस्टरात, नातवाची संगणकावर; तीन पिढ्या तीन लिहिणाऱ्यांच्या कानावर आणि सवयीवर सोपवलेल्या. गावात याने कोणाचे काही अडत नाही, कारण तिथे माणूस घरावरून ओळखतात. परदेशी विद्यापीठाचा प्रवेश विभाग आणि व्हिसा अधिकारी मात्र फक्त अक्षरे पाहतात. खर्च करणाऱ्या वडिलांचे नाव बँकेच्या पासबुकात एक आणि मुलाच्या पासपोर्टवर दुसरे असेल, तर ‘हे तुमचे वडीलच कशावरून’ हा प्रश्न येतोच.

यावर बहुतेक घरे नोटरीकडे धावतात आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणतात. ते असावे, वडीलधाऱ्यांच्या जुन्या कागदांसाठी दुसरा सोपा उपायही नाही. पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाला असे ठिगळ लावून चार-पाच वर्षांचा परदेशी संसार मांडू नये. स्वतःचे नाव मुळातच दुरुस्त करावे, आणि त्याचा क्रम जन्मनोंद, मग शाळा आणि बोर्ड, शेवटी पासपोर्ट असाच ठेवावा, कारण पुढचा कागद मागच्याच्या आधारावर उभा असतो. नाव किंवा आडनाव खरोखर बदलायचेच असेल, तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेतली चूक शाळेमार्फत पर्वरीच्या गोवा बोर्डाकडे न्यावी लागते.

आणखी एक बारीकशी गोष्ट पुढे महागात पडते. आपल्याकडे शाळेच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, अशी रीत असते. पासपोर्टचा अर्ज घाईत भरताना कधी तिन्ही नावे एकाच रकान्यात जातात आणि आडनावाची जागा रिकामी राहते. अशा पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा मिळाला, तर सगळे नाव आडनावाच्या जागी छापले जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरे येतात. अर्थ इतकाच की पहिले नाव माहीत नाही. ती अक्षरे मग विद्यापीठाच्या ओळखपत्रापासून बँकेच्या खात्यापर्यंत पाठलाग करतात.

नावे जुळली की गुणांचे कागद. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. साखळीचे सरकारी महाविद्यालय असो, विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय असो की डिचोलीचे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय, पदवीची ट्रान्सक्रिप्ट शेवटी ताळगाव पठारावरच्या परीक्षा विभागाकडूनच घ्यावी लागते. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय, गुण आणि क्रेडिट एकत्र दाखवणारा अधिकृत उतारा. गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा त्याची जागा घेऊ शकत नाही. काही विद्यापीठांना तो बंद लिफाफ्यात किंवा थेट विद्यापीठाकडूनच हवा असतो, म्हणून अर्ज कुठे करायचा ते आधी ठरवावे आणि प्रती त्या हिशेबाने मागवाव्यात. श्रेणी कशा देतात हे सांगणारा तक्ताही सोबत घ्यावा. आपल्याकडचे पासष्ट टक्के चांगले की वाईट, हे म्युनिकमध्ये बसलेल्या माणसाला आपोआप कळत नाही.

जर्मनीचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यार्थी-व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले. दिल्लीतले एपीएस कार्यालय शैक्षणिक कागदांच्या खरेपणाची पडताळणी करते, आणि तिला वेळ लागतो. प्रवेश मिळाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांचे सत्र हुकते. उलट अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीच्या शिक्क्याच्या, बाबतीत विनाकारण घाई होते. त्यासाठीच्या हेग कराराची अंमलबजावणी भारतात २००५ पासून आहे. आधी राज्य पातळीवर कागद प्रमाणित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. इटली, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांत तो बऱ्याचदा मागतात, ब्रिटिश विद्यापीठे अर्जासाठी सहसा मागत नाहीत. विद्यापीठाने लेखी मागितल्याशिवाय एजंटाच्या सांगण्यावरून सगळ्या गुणपत्रिकांवर शिक्के मारून घेण्यात पैसे जातात, हाती काही लागत नाही.

पेडणे-डिचोलीतली पुष्कळ मुले मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असतात आणि त्यांना इंग्रजीच्या परीक्षेची धास्ती वाटते. वाटू नये. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून झाल्याचे महाविद्यालयाचे पत्र काही विद्यापीठे स्वीकारतात. बाकीच्यांसाठी आयईएल्टीएस किंवा टोफेल द्यावी लागते. या दोन्हींचा निकाल दोन वर्षेच चालतो, म्हणून फार लवकर देऊनही उपयोग नाही.

अर्जातला सगळ्यात हलगर्जीपणे लिहिला जाणारा कागद म्हणजे उद्देशपत्र, मुलांच्या भाषेत एसओपी. कोणाचे तरी मागून आणायचे, देशाचे नाव बदलायचे आणि पाठवून द्यायचे, हा सर्रास प्रकार आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले, तेव्हा प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसू असे नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत हवी आहे म्हणून आपण आलो, हे स्पष्ट सांगितले. १८८६ मध्ये त्या एम. डी. होऊन बाहेर पडल्या. ते पत्र दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. पर्यावरणशास्त्राला जाणाऱ्या डिचोलीच्या मुलीने लहानपणापासून आवडलेल्या निसर्गावर परिच्छेद खर्च करू नये. घरामागच्या खाणीच्या खंदकात साठलेले पाणी, पावसाळ्यात लाल होणारा ओहोळ, त्यावर तिने महाविद्यालयात केलेला प्रकल्प, आणि त्यातला कोणता प्रश्न तिला सुटला नाही, हे लिहावे. मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहताना पाहिलेल्या पेडण्याच्या मुलाकडे नगररचनेबद्दल सांगण्यासारखे इतके आहे की त्याला उसन्या वाक्यांची गरजच नाही.

शिफारसपत्राचेही असेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेले, तेव्हा त्यांची शिफारस त्यांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या एडविन सेलिगमन यांनी केली होती. आमदार-मंत्र्यांच्या पत्राला प्रवेश विभागात किंमत नसते. ज्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचा हात पाहिला आहे, त्यांच्या चार ओळी मोलाच्या. त्या मागण्यासाठी त्यांना निदान महिनाभर आधी सांगावे.

पैशांचे कागद या भागात वेगळीच कसोटी पाहतात. साधारणपणे ७.५ लाख रुपयांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि तारण म्हटले की जमिनीचा एक-चौदाचा उतारा आला. त्यावर अजून दिवंगत आजोबांचे नाव, किंवा दहा वारसांची नावे. मये गावात तर कित्येक पिढ्या कसलेल्या जमिनी वर्षानुवर्षे स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनकडे राहिल्या. खाणपट्ट्यात २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्या घरांची आयकर विवरणे एकदम रोडावली. अशा घरांनी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आणि पदव्युत्तर अभ्यासासाठीची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आधी पाहावी. त्यासाठी मामलेदार कचेरीतून वास्तव्याचा दाखला वेळेत काढून ठेवावा. ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, एक दिवसही कमी चालत नाही. नातेवाइकाने आदल्या आठवड्यात टाकलेली रक्कम तिथे कामाची नाही.

एखादा कागद कमी पडतोय म्हणून कोणी ‘करून देतो’ म्हणाला, तर त्याच्या दारातून परत फिरावे. २०२३ मध्ये पंजाबातल्या अनेक विद्यार्थ्यांवर कॅनडातून हाकलले जाण्याची पाळी आली, कारण एजंटाने दिलेली प्रवेशपत्रे खोटी निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट संबंधित संस्थेकडून तपासून घेऊ लागले.

दोन्ही तालुक्यांतल्या उच्च माध्यमिक विद्यालयांना एक विनंती. बारावीचा बोर्डाचा अर्ज भरण्याआधी अकरावीतच एक दिवस काढा, प्रत्येक मुलाला जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार घेऊन बोलवा आणि तिन्हींवरची नावे शेजारी ठेवून तपासा. परदेशी जाणारी मुले त्यात थोडीच असतील, पण त्या वयात सापडलेली चूक शाळेच्या एका पत्राने मार्गी लागते.