आजीचा कापलेला परिच्छेद

आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकात मराठी विभाग असतो, हे सांगितलं की इंदूरबाहेरचे नातेवाईक आधी दचकतात. हिंदी आणि इंग्रजीच्या मधोमध चार पानं, एवढाच, पण असतो. दोन वर्षांपूर्वी त्या चार पानांची मांडणी माझ्याकडे आली, कारण समितीत ‘ळ’ नीट म्हणणारी मी एकटीच होते. डिझाइन येतं का, हे कोणी विचारलं नाही. येत नव्हतं.

मजकूर कमी पडत होता म्हणून आजीकडून लेख मागून घेतला. तिने वहीची तीन पानं भरून आपल्या लग्नातल्या पंगतींबद्दल लिहिलं. मी तो मोबाइलवर टाइप केला. पानभर राजवाड्याचा फोटो टाकला, त्यावर पिवळी अक्षरं. चार पानांत पाच फॉन्ट. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. तरी लेख चौकटीत मावेना, तेव्हा शेवटचा परिच्छेद काढून टाकला. सात-आठच ओळी होत्या. आजीला विचारलंही नाही.

अंक छापून आला. स्क्रीनवर सोन्यासारखा दिसणारा पिवळा रंग कागदावर मळकट उतरला होता. आजीने चष्मा लावला, पान जवळ नेलं, लांब नेलं, “छान आहे हं” म्हणाली आणि अंक कपाटात ठेवला.

पुढे आत्या देवासहून आली, तिने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्येच हसत सुटली. “आई, तुझ्या लग्नात स्वयंपाकाला आचार्य होते?” आजीने ‘आचाऱ्यांना पहाटे चहा’ लिहिलं होतं, मी छापलं होतं ‘आचार्यांना’. सगळे हसले, मीही. आजी तेवढं म्हणाली, “शेवट नाही आलेला त्यात.”

मी वही काढून तो परिच्छेद पुन्हा वाचला. सगळ्या पंगती उठल्यावर आजीच्या वडिलांनी आचाऱ्यांना पाटांवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं, तोवर ते जेवले नव्हते. अख्खा लेख तिने त्या एका गोष्टीसाठी लिहिला होता. मी श्रीखंड आणि मठ्ठा ठेवून नेमकी तीच कापली होती.

पुढच्या वर्षी मी ती पानं पुन्हा मागून घेतली. समितीतला एक जण म्हणाला, “मराठी के दो पेज काफी हैं, कोई पढ़ता नहीं.” मला उत्तर देता येईना. वाचता येईल असं मी छापलं तरी कुठे होतं? शेवटी ठरलं की चार पानांचं प्रूफ दाखवायचं, मग निर्णय.

शिकायला सुरुवात झाली ती आजीच्या ट्रंकेतल्या जुन्या दिवाळी अंकांपासून. त्यात ‘दीपावली’चे काही होते. दीनानाथ दलालांची चित्रं बघत बसावीत अशीच, पण मी पट्टी घेऊन ओळींमधली जागा मोजली. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजीच्या हिशोबाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आपटतो. मी अकरा पॉइंटच्या अक्षराला सतराचं अंतर दिलं आणि पान श्वास घेऊ लागलं. शीर्षकाचंही कोडं सुटलं. अक्षरं ताणली की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. मोठं शीर्षक हवं तर अक्षर मोठं करावं, अंतर नाही. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही सोडला. आपले शब्द लांब, अरुंद स्तंभात मध्ये भोकं पडतात. उजवी कडा वेडीवाकडी राहिली तर राहू दे.

फॉन्टची गंमत वेगळीच. इंदुरात वाढल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरचे हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ माझ्या डोळ्यांत इतके बसलेत की आजीच्या वहीतले वेगळे आहेत, हे कधी जाणवलंच नव्हतं. ‘टिरो देवनागरी’ हा फॉन्ट मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगवेगळ्या रूपांत मोफत मिळतो. मजकुराला त्यातलं मराठी रूप घेतलं, शीर्षकांना मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’. बस, दोनच. आणि आचाऱ्यांसाठी खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ शोधला. साधा ‘र’ ‘य’ला जोडला की तो रफार होऊन डोक्यावर चढतो, नुक्त्याचा ‘ऱ’ आडवा राहतो. आमचे आचार्य पुन्हा स्वयंपाकघरात गेले.

फोटोही छोटा करून कोपऱ्यात नेला. हे सगळ्यांत जड गेलं, कारण फोटो मीच काढला होता.

दर दोन दिवसांनी पान खऱ्या मापात छापायचं आणि आजीच्या हातात द्यायचं. स्क्रीनवर दीडपट मोठं करून बघितलेलं पान आपल्याला फसवतं, आजी फसत नाही. ती अडखळली की मी पेन्सिलने खूण करायची. तिसऱ्या प्रूफला ती अडखळली नाही. वाचता वाचता गप्प झाली आणि चष्मा काढून पुसला.

तेच प्रूफ मी समितीपुढे ठेवलं. ‘दो पेज काफी’वाल्याने ते लांब धरलं आणि म्हणाला, “इसमें पढ़ने में आ रहा है यार.” चार पानं राहिली.

अंक आला तेव्हा आजीने तो जेवणाआधीच उघडला. लेख अख्खा होता, शेवटच्या परिच्छेदासकट. वर मी दोन ओळींची टीप घातली होती, की मागच्या वर्षी हा लेख अपुरा छापला गेला, ती चूक माझी होती. आजीने ती टीप दोनदा वाचली. मग भाजीचा हिशोब लिहायचं लाल पेन घेतलं आणि एका शब्दाभोवती गोल केला.

“अगं, हा ‘कि’ ऱ्हस्व काय लिहिलास? मराठीत दीर्घ.”