जाळी गाडीला, गाळणी माणसाला

पालघर आणि बोईसर यांच्या मधले उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचे लहानसे स्थानक. इथून तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांपैकी अनेकांकडे आता स्वतःची चारचाकी आहे. बोईसरच्या रस्त्यावर ट्रक, टँकर आणि त्यांच्या चाकांखालून उडणारी खडी नित्याची. भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी गाडीच्या दिव्यांवर किड्यांचे थवे येतात. त्यामुळे बंपरच्या आत जाळी बसवून घेणारे वाढले आहेत. ही जाळी असते मुख्यतः इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या रक्षणासाठी.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. इंटरकूलर तिला थंड करतो, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो. त्यासाठी त्यात अॅल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पापुद्रे दाटीने रचलेले असतात. पापुद्रा जितका पातळ तितकी उष्णता लवकर बाहेर पडते, आणि तितकाच तो दगडाने लवकर वाकतो.

अशा वेळी घरच्या खिडकीची उरलेली मच्छरजाळी लावून टाकण्याचा मोह होतो. इथे थोडे गणित करावे. सहा मिलिमीटरचे भोक आणि एक मिलिमीटरची तार असेल, तर जाळीचा ७३ टक्के भाग मोकळा राहतो. मच्छरजाळीत भोक साधारण १.२ आणि तार ०.३ मिलिमीटरची धरली, तर ६४ टक्के. फरक फार वाटत नाही. पण तारेच्या दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटर चिखल बसू द्या. मोठ्या भोकांची जाळी ६४ टक्के मोकळी राहते, मच्छरजाळी मात्र २८ टक्क्यांवर येते. मग इंजिनला थंड हवा कमी पडते आणि एसीही नीट गार करत नाही.

म्हणून भोके पाच-सहा मिलिमीटरची, तार पातळ पण ताठ, आणि धुण्यासाठी काढता येईल अशी जाळी घ्यावी. समुद्र जवळ असल्याने हवा खारी आहे. स्टीलची जाळी अॅल्युमिनियमला टेकली तर गंज लवकर धरतो. मध्ये बोटभर अंतर ठेवावे आणि ती गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवावी.

गाडीची ही काळजी घेणाऱ्या माणसाच्या छातीतही असाच एक यंत्रभाग आहे. फुप्फुसांतले कोट्यवधी वायुकोश पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. त्यांची भिंत एका मायक्रॉनहूनही पातळ असते. केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. नाकातले केस आणि ओलावा ही पुढची जाळी. श्वासनलिकेतला चिकट स्राव आणि त्याला वर ढकलणारे सूक्ष्म केस ही सफाईची यंत्रणा. मोठी धूळ तिथेच अडते. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. इंटरकूलरचा वाकलेला पापुद्रा मेकॅनिक सरळ करतो. नष्ट झालेला वायुकोश मोठ्या माणसात पुन्हा उगवत नाही.

तारापूरला हा प्रश्न कागदावरचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यांकनात औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वात वर होते. हा निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित असतो, पण श्वास हवेचाच घ्यावा लागतो.

बंपरची जाळी दगड अडवते, धूर नाही. प्रवाशांसाठी वेगळी गाळणी असते: केबिन फिल्टर, दुकानात जिला एसी फिल्टर म्हणतात. बऱ्याच गाड्यांत ती डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असते. काही स्वस्त मॉडेलमध्ये ती बसवलेलीच नसते, म्हणून एकदा उघडून पाहावे. साधा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. सक्रिय कोळशाचा थर असलेला काही वायू व वासही शोषतो, पण कोळसा भरला की त्याचे काम संपते. सर्वात दाट फिल्टर सर्वात चांगला असे इथेही नाही. पंख्याला तो झेपला नाही तर हवा कडेच्या फटींतून न गाळताच आत येते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचाच फिल्टर घ्यावा, आणि धुळीच्या रस्त्यावर तिथे दिलेल्या मुदतीआधीच बदलावा. पावसाळ्यानंतर कुबट वास आला तर ओल्या फिल्टरवर बुरशी धरली असण्याची शक्यता असते. दम्याच्या मुलाला तेवढेही पुरते.

टँकरच्या मागे अडकल्यावर काचा बंद करून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. मात्र ते तासभर तसेच ठेवू नये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम असतो. चार माणसांच्या बंद गाडीत तो काही मिनिटांतच हजाराच्या पुढे जातो. चालकाला जडपणा व पेंग येऊ शकते. रस्ता मोकळा झाला की बाहेरची हवा आत घ्यावी.

जुन्या दम्याच्या रुग्णाचा खोकला गाडीत बसल्यावर वाढत असेल, तर औषध बदलून घेण्याआधी फिल्टर पाहावा. धाप, छातीत घरघर किंवा रात्रीचा खोकला टिकून राहिला तर मात्र गाडी नव्हे, छाती तपासून घ्यावी. आणि त्याच रस्त्यावर रोज दुचाकीने जाणाऱ्याला ना काच आहे ना फिल्टर. त्याच्यासाठी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हीच गाळणी. तोंडाला गुंडाळलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, धूर नाही.